बोरूपासून संगणकापर्यंत



तालुक्याच्या गावी गेलात म्हणजे एस. टी. स्टँडच्या आसपास एक पाटी तुम्हांला हटकून दिसते : ‘येथे संगणक शिकवला जाईल’. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्याच गल्लीत दुसरी पाटी असे : ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’. दुपारच्या वेळी तिथून वीस-वीस यंत्रांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येई. आणि त्याच्याही आधी, आपल्या पणजोबांच्या काळी, एखाद्या पंतोजींच्या ओसरीवर मुले धुळाक्षरे गिरवीत बसलेली असत. पाटी बदलली, यंत्र बदलले, पण तिथे येणारा मुलगा तोच. घरून त्याला सांगून पाठवलेले असते, ‘बाबा रे, चार अक्षरे नीट शीक, म्हणजे कुठेतरी चिकटशील.’

आज मी तुम्हांला या चार अक्षरांचाच इतिहास सांगणार आहे. मी इतिहासाचा मास्तर, संगणकाचा नव्हे. संगणक मी चुकतमाकत, आणि एकदा तर चांगलाच तोंडघशी पडून शिकलो. तो प्रसंग पुढे सांगेन. पण इतिहास शिकवता शिकवता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कचेरीचे हत्यार दर एक-दोन पिढ्यांनी बदलते. कचेरीचे कसब मात्र फारसे बदलत नाही. हे ज्याला उमगले त्याची नव्या हत्याराची भीती जाते. ज्याला उमगत नाही तो एक तर यंत्राला बिचकतो, नाही तर यंत्रावर नको इतका विसंबतो. नुकसान दोन्हींत आहे.

प्रथम साडेतीनशे वर्षे मागे जाऊ. समर्थ रामदासांचा दासबोध तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. त्यातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून पाहा. त्याचे नाव ‘लेखनक्रियानिरूपण’. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास म्हणजे चक्क लेखनिकाला दिलेले धडे आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. ओळीला ओळ लागू नये. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी. का? तर कडा झिजून झडल्या तरी अक्षर जाऊ नये म्हणून. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही! संगणकावर पत्र लिहिताना आज आपण हेच करतो. कडेला समास सोडतो, दोन ओळींतले अंतर ठरवतो, अक्षराचा आकार निवडतो, सबंध पत्राला एकच वळण ठेवतो. संगणकाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते धडे मराठीत साडेतीनशे वर्षे लिहून ठेवलेले आहेत.

त्याच काळातली बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका तुम्ही शाळेत ऐकली असेल. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले होते. दिवसभराच्या गर्दीत चिटणिसांना लिहायला सवड झाली नाही. रात्री महाराजांनी पत्र वाचायला सांगितले, तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरला आणि सगळे पत्र घडाघडा वाचून दाखवले. जवळच्या मशालजीला हसू आवरेना, म्हणून गोष्ट उघडकीस आली. ही आख्यायिका आहे. तिला पुरावा मागू नये. पण तिच्यातले मर्म खरे आहे. पत्र आधी डोक्यात तयार व्हावे लागते, मग कागदावर उतरते. डोक्यात पत्र नसेल तर पुढे कितीही भारी यंत्र ठेवा, पडदा कोराच राहील.

त्या काळची कचेरी मोडी लिपीत चाले. हात फारसा न उचलता भराभर लिहिण्याची ही लिपी. तिचे श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाडपंत याला देते. बोरू, शाई, कागदाचे बंद आणि मोडीचे वळण एवढ्या भांडवलावर कारकून आयुष्य काढी. पुढे छापखाने आले. छपाईला बाळबोध लिपी सोयीची, म्हणून तिचे प्रस्थ वाढत गेले, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून जवळजवळ मावळली. पन्नाशीला आलेल्या त्या वेळच्या कारकुनाला काय वाटले असेल? ज्या अक्षरावर त्याने नाव मिळवले ते अक्षर नव्या साहेबाला वाचताच येत नव्हते.

पण गंमत पाहा. २०२३ साली राज्यात जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे मोठे काम निघाले. दप्तरे उघडली तर पुष्कळ कागद मोडीत. मग मोडी वाचणारे शोधावे लागले. ज्या विद्येला कोणी विचारत नव्हते तिच्यावर एकाएकी कितीतरी घरांचे दाखले येऊन अडले. लिपी बदलताना जुने वाचण्याची सोय राखली नाही तर पुढच्या पिढीला काय पडते ते यात दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा. संगणकाच्या बाबतीत ती पुन्हा येणार आहे.

मोडीच्या पाठोपाठ आले टंकयंत्र, आपल्या तोंडचा ‘टाइपरायटर’. अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स नावाच्या गृहस्थाने त्याच्या यंत्राचे पेटंट १८६८ साली घेतले, आणि पुढे रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने ते बाजारात आणले. त्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांची जी मांडणी ठरली तीच आज संगणकावर आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलवर आहे. आपल्या देशात गोदरेजचे टंकयंत्र १९५५ साली निघाले. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, कारभार मराठीतून करावयाचा ठरला, आणि मराठी टंकलेखकाला महत्त्व आले.

टायपिंगच्या परीक्षेने खेड्यातल्या कितीतरी मुलांचे भाग्य बदलले. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. बोटाला बोट ठरलेले, नजर कागदावर, यंत्राकडे पाहायचे नाही. एक अक्षर चुकले तर खोडरबर आणि कार्बनच्या तिन्ही प्रतींवर डाग. पान बिघडले तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चूक होऊच द्यायची नाही, ही शिस्त हाडीमाशी खिळे. बायकांनाही कचेरीचे दार उघडले ते मोठ्या प्रमाणात याच यंत्राने. मॅट्रिक झालेली मुलगी टायपिंगचे प्रमाणपत्र घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला लागली, ही त्या वेळी गावात बोलायची गोष्ट होती. पुढे २०१० च्या आसपास गोदरेजने टंकयंत्रे करणे थांबवले, आणि आपल्याकडच्या सरकारी टायपिंगच्या परीक्षाही त्यानंतरच्या काही वर्षांत संगणकावर गेल्या.

आता संगणकाकडे येऊ. हे यंत्र आपल्याकडे अगदी काल आले असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला होता. पण ते शास्त्रज्ञांचे यंत्र. कचेरीत संगणक यायचा म्हटल्यावर कामगारांनी विरोध केला, आणि तो नुसता अडाणीपणाचा नव्हता. एक यंत्र दहा जणांचे काम करणार असेल तर उरलेल्या नवांनी जायचे कुठे, हा प्रश्न पोटाचा होता. बँकांत यावर बरीच वर्षे वाद चालला. १९८३ साली बँकांचे चालक आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. १९८४ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. रंगराजन समितीने यंत्रे कशी आणावीत याचा आराखडा दिला. मग बँकेत खतावणीची यंत्रे आली, आणि हळूहळू सगळा व्यवहार संगणकावर गेला. यातून धडा कोणता? जिथे लोकांशी बोलून, त्यांना शिकवून यंत्र आणले तिथे जुनी माणसे टिकली. जिथे यंत्र नुसते टेबलावर आणून ठेवले तिथे जुना माणूस कोपऱ्यात गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे शहाणपणही गेले.

कचेरीतला संगणक मुख्यतः दोन कामे करतो : लिहिणे आणि हिशेब मांडणे. यातल्या हिशेबाच्या कामाचा जन्म एका फळ्यापुढे झाला. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट खास तुमच्यासाठी.

१९७८ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे व्यापाराचे शिक्षण घेणारा डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. गुरुजी फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता मांडून समजावीत होते. मध्येच एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही? ब्रिकलिनच्या मनात आले, असा फळा करता येईल का, की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलतील? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या मदतीने त्याने ते करून दाखवले. १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ नावाने ते बाजारात आले. तोवर घरगुती संगणक म्हणजे हौशी लोकांचे खेळणे होते. या एका तक्त्यासाठी व्यापारी लोक संगणक विकत घेऊ लागले. त्याच्यामागून १९८३ साली ‘लोटस’ आले, १९८५ साली ‘एक्सेल’ आले, आणि एक्सेलचे नाव आज तुमच्या पंचायतीतही माहीत आहे.

हा तक्ता कसा चालतो? शाळेतल्या पोषण आहाराचे उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरतात. तुमच्या रजिस्टरात रकाने असतात : तारीख, हजर मुले, लागलेला तांदूळ, शिल्लक. संगणकावरही तेच रकाने पाडायचे. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी नावे असतात आणि आडव्या ओळींना आकडे. म्हणजे प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता आला. बी रकान्यात दुसऱ्या ओळीवर तुम्ही हजर मुले ४८ लिहिलीत. शेजारच्या घरात आकडा लिहायचा नाही, नियम लिहायचा. आधी बरोबरचे चिन्ह, आणि पुढे ‘बी-दोन गुणिले १००, भागिले १०००’. झाले! त्या घरात आपोआप ४.८ किलो उमटेल. उद्या तपासणीत कळले की मुले ४८ नसून ४५ होती, तर एकच आकडा बदला. तांदूळ ४.५ होईल, आणि शिल्लकही नियमाने मांडली असेल तर तीसुद्धा सुधारेल. हा नियम खाली ओढला की महिन्याच्या साऱ्या ओळींना लागू पडतो.

आता विचार करा, यात नवे काय शिकलात? रकाने पाडणे तुम्हांला येत होते. गुणाकार-भागाकार येत होता. कोणत्या आकड्यावर कोणता आकडा अवलंबून आहे हे तर तुम्हांला तोंडपाठ. नवे शिकलात ते एवढेच, की नियम कोणत्या घरात आणि कसा लिहायचा. ज्याला खतावणी कळते त्याला हा तक्ता आठवड्यात कळतो. ज्याला खतावणी कळत नाही त्याला तक्त्याची सगळी बटणे पाठ झाली तरी हिशेब कळत नाही.

लिहिण्याच्या कामाची हकीकत तशीच. १९७८ साली ‘वर्डस्टार’ आले, १९८३ साली ‘वर्ड’ आले. टंकयंत्रावर ठोकलेले अक्षर कागदावर बसले की बसले. इथे अक्षर आधी पडद्यावर उमटते, पटेपर्यंत बदलता येते, आणि मग छापता येते. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवायची जी सोय आहे तिचे नावसुद्धा जुन्या संपादकांच्या कात्री आणि खळीवरून पडले. पण सोय झाली म्हणून काळजी कमी झाली तर घोटाळा होतो. मागच्या वर्षीच्या पत्रावर नवे पत्र करताना तारीख आणि नाव बदलायचे राहून गेले, असे पत्र तुमच्याकडेही कधी आलेच असेल. टंकयंत्रावर ही चूक सहसा होत नसे, कारण तिथे प्रत्येक पत्र नव्याने लिहावे लागे.

मराठीचे काय? सुरुवातीला संगणकाला मराठी येतच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि ते काम तिथे वाढले. पण बाजारात ज्याचा त्याचा टंक वेगळा झाला. एका कचेरीतले मराठी पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची भेळ दिसे. मोडीच्या दप्तराची गोष्ट लक्षात ठेवा म्हटले होते, ती ही. पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहिलेले कितीतरी मराठी मजकूर आज त्यांच्या मालकालाच वाचता येत नाहीत.

यावर उपाय निघाला तो ‘युनिकोड’ या नावाने. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक द्यायचा, म्हणजे ‘क’ हा सगळ्या यंत्रांवर ‘क’च राहील. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी होती. पुढे ‘विंडोज २०००’ बरोबर ‘मंगल’ नावाचा देवनागरी टंक घरोघर गेला. तो आखणारे र. कृ. जोशी हे मुंबईचे मराठी सुलेखनकार. म्हणून पत्र, यादी, इतिवृत्त, काहीही मराठीत लिहा, ते युनिकोडमध्येच लिहा. नातवंडांना वाचता येईल.

मराठी टंकनासाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी शासनाने ठरवली आहे. ती पाहून शिक्षकांना आनंद होईल, कारण ती आपल्या बाराखडीवर उभी आहे. बहुतेक स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर क, तिच्यावरच ‘शिफ्ट’ दाबून ख. ज्या कळीवर ग, तिच्यावरच घ. च-छ, ज-झ, त-थ, द-ध, सगळ्या जोड्या एकेका कळीवर. ज्या मुलाला वर्णमाला नीट येते त्याला अर्धी मांडणी आधीच येते. रोज अर्धा तास बसले तर दीड-दोन महिन्यांत बोटे आपोआप चालू लागतात.

संगणकाचे शिक्षण गावोगाव जावे म्हणून २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्या प्रमाणपत्राची अट येऊ लागली, आणि टायपिंगच्या पाट्यांच्या जागी संगणकाच्या पाट्या लागल्या. प्रमाणपत्राची किंमत मी कमी करत नाही. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि काम टेबलावर होते. परीक्षेपुरते पाठ केलेले बटण सहा महिन्यांत विसरते. रोजच्या कामात वापरलेले विसरत नाही.

आता माझी फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका वर्गाचे अंतर्गत गुण भरायचे काम माझ्याकडे होते. १२० मुले. मी मोठ्या हौसेने तक्ता केला : अनुक्रमांक, नाव, गुण. शेवटी वाटले, नावे बाराखडीप्रमाणे लावली तर यादी शोभून दिसेल. मी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायची आज्ञा दिली. यंत्राने मला विचारले, शेजारचे रकानेही बरोबर घेऊ का? मी घाईत न वाचता सांगितले, नको. झाले! नावे बाराखडीप्रमाणे लागली आणि गुण होते तिथेच राहिले. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर. वर तोच तक्ता मी जपून ठेवण्याची आज्ञा दिली आणि संगणक बंद केला. यादी छापली. दिसायला इतकी सुरेख की मी स्वतःवरच खूश झालो.

यादी आमच्या हेडक्लार्कांकडे गेली. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, सगळी हयात टंकयंत्रावर गेलेली. त्यांनी चष्मा लावला आणि विचारले, “सर, तपासली का?”

“हो. बेरीज जुळते,” मी म्हणालो.

“बेरीज जुळणारच. आकडे तेच आहेत ना? मूळ कागद आणा. दहा नावे ताडून पाहू.”

मी थोडा नाराज होऊनच माझ्या हाताने लिहिलेला गुणांचा कागद आणला. पहिलेच नाव चुकले. दुसरेही चुकले. तिसरे नाव एका मुलीचे होते. रोज बारा किलोमीटरवरून सायकलने येणारी, पहिल्या बाकावर बसणारी. तिला मी विसापैकी १८ दिले होते. यादीत होते ६. सकाळी यादी विद्यापीठाकडे जायची होती. माझ्या अंगाला घाम फुटला. संगणकातला मूळ क्रम तर मीच पुसून टाकला होता. तो हाताने लिहिलेला कागद टाकून दिला असता तर त्या पोरीला मी काय उत्तर देणार होतो?

त्या रात्री भाऊसाहेब आणि मी दहा वाजेपर्यंत बसलो. ते वाचत गेले, मी भरत गेलो. मग मी वाचले आणि त्यांनी बोट ठेवून एकेक नाव ताडले. उठताना ते म्हणाले, “सर, हे यंत्र तुम्हांला येते, मला येत नाही. पण कागद मला येतो. आपण अदलाबदल करू या का?”

आणि आम्ही ती केली. दुपारच्या सुट्टीत अर्धा अर्धा तास. त्यांना सगळ्यांत अवघड काय गेले असेल? माऊस धरणे! दाबलेले बोट केव्हा सोडायचे हेच त्यांना कळेना. पण टंकनाला बसले तेव्हा मी पाहतच राहिलो. तीस वर्षांची सवय होती, बोटे इंग्रजी कळींवर सरळ जाऊन बसली. मला दोन बोटांनी जे पत्र लिहायला पाव तास लागे ते त्यांनी चार मिनिटांत लिहिले. महिन्याभरात ते पगाराचा तक्ता संगणकावर मांडू लागले. आणि मी त्यांच्याकडून तीन गोष्टी शिकलो. मूळ कागद टाकायचा नाही. नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही, नगही ताडायचे. आणि सहीसाठी कागद पुढे करण्याआधी तो परक्याचा समजून वाचायचा.

तेव्हा ज्यांना हे काम नव्याने शिकायचे आहे त्यांनी काय काय शिकावे? यादी लांब नाही. पहिली गोष्ट, केलेले काम जपून ठेवणे आणि पुन्हा सापडवणे. ‘नवीन’, ‘नवीन एक’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशी नावे फायलींना देऊ नका. वर्ष, विषय, महिना अशी नावे द्या आणि दप्तराचे रुमाल बांधतात तसे विषयवार कप्पे करा. दुसरी, एक साधे पत्र नीट मांडून लिहिणे. तिसरी, एक तक्ता करून त्यात बेरीज, गुणाकार आणि क्रम लावणे. आणि क्रम लावताना माझी आठवण ठेवणे! चौथी, युनिकोडमध्ये मराठी टंकन. पाचवी, पत्र ई-मेलने पाठवणे, त्याला कागद जोडणे, आणि पाठवण्यापूर्वी पत्ता दोनदा वाचणे. सहावी, आपल्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि आपला पासवर्ड कोणाला न सांगणे. तिजोरीची किल्ली जशी आपण खुंटीला टांगत नाही, तसा तो कागदावर लिहून पडद्याला चिकटवू नये. एवढ्या सहा गोष्टींवर कचेरीतले बरेचसे रोजचे काम निभावते.

पैशाची अडचण असेल तर हेही सांगतो, की ‘लिबरऑफिस’ नावाचा संच फुकट मिळतो आणि त्यावर पत्र व तक्ता दोन्ही करता येतात. शाळेत एकच जुना संगणक असला तरी चालेल. एकाने वाचायचे, एकाने भरायचे, एकाने ताडायचे. तीन मुलांना एक यंत्र पुरते, आणि ताडणारा मुलगा सर्वांत जास्त शिकतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना संगणक शिकवताना बटणांपासून सुरुवात करू नका. आधी वहीत रकाने पाडायला लावा. आठवडाभर गावच्या पावसाची किंवा वर्गाच्या हजेरीची नोंद हाताने ठेवायला लावा. बेरीज हाताने करू द्या. मगच तोच तक्ता यंत्रावर मांडा. यंत्राने काय सोपे केले हे त्याला तेव्हा कळेल, आणि यंत्र चुकीचे उत्तर दाखवील तेव्हा त्याला शंका येईल. ही शंका येणे हेच खरे शिक्षण.

आणि जे माझ्याच वयाचे आहेत, चाळिशी-पन्नाशीचे, ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेच्या कचेरीत बसतात आणि नव्या पोरासमोर संगणकाला हात लावायला लाजतात, त्यांना सांगतो : लाजू नका. २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या निघतो. शेतकऱ्याला तो पडद्यावरच दिसतो. पण त्यातली नोंद बरोबर आहे की चूक, हे ओळखायला गटाची, वाटण्यांची, फेरफाराची माहिती लागते. ती तुमच्याकडे आहे. त्या पोराला बटण येते, तुम्हांला कागद येतो. दोघे शेजारी बसा.

भाऊसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या टेबलाच्या खणातून त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक, टंकयंत्राचा खडू लागलेला जुना ब्रश. दुसरी, त्या रात्री आम्ही ताडलेली १२० नावांची यादी, प्रत्येक नावापुढे त्यांच्या हातची तांबडी खूण. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. दर वर्षी गुण भरण्याआधी ती एकदा काढून पाहतो.